आजोबांच्या तलवारीवर १८५७ कोरलंय, म्हणजे ती बंडातलीच ना? जुनी तलवार आणि बंदूक किती जुनी हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की मुठीवर सोनेरी नक्षी आहे, पात्यावर मुठीजवळ देवनागरीत १८५७ कोरलंय, सोबत एक तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडणारी बंदूक आहे आणि घरातले सगळे म्हणतात दोन्ही बंडातल्या. मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर या भागातला. इथे बऱ्याच जुन्या मराठी घरांत एखादी तलवार असते आणि प्रत्येक तलवारीला एक लढाई चिकटलेली असते. म्हणून स्पष्टच लिहितो.

आधी आकड्याचं बघू. देवनागरीत कोरलेलं १८५७ हे इसवी सन असण्याची शक्यता फार कमी. त्या काळी आपल्याकडे हत्यारावर साल घालणारा माणूस बहुतेक वेळा विक्रम संवत घालायचा. संवतातून ५७ वजा करा. संवत १८५७ म्हणजे इसवी सन १८००-०१. बंडाच्या वर्षी कोणी साल कोरलं असतं तर तिथे १९१४ दिसलं असतं. शक असेल तर ७८ मिळवायचे. फारसी आकडे असतील तर साल हिजरी धरा, पण तिथे सरळ बेरीज चालत नाही, कारण ते वर्ष चांद्र आणि सुमारे ३५४ दिवसांचं. हिजरी १२०० म्हणजे १७८५-८६, एवढं ध्यानात ठेवलं तरी अंदाज येतो.

आणि १८५७ हे साल नसून नग क्रमांकही असू शकेल. संस्थानांच्या शस्त्रागारात हत्यारांना क्रमांक दिलेले असत. बिकानेरच्या शस्त्रांवर तर ठिपके ठोकून काढलेली देवनागरी अक्षरं आणि आकडे सर्रास सापडतात. भिंगाखाली बघा. आकडे ठिपक्यांचे आहेत की छिन्नीने ओढलेले? कडा झिजून गोल झाल्या आहेत का? खाचेच्या तळाशी बाकी पात्यासारखाच काळपटपणा आहे, की आत चकचकीत धातू दिसतो? जुन्या पात्यावर चकचकीत खाच दिसली तर तो आकडा नंतर कोणीतरी घातलाय, आणि १८५७ हा आकडा घातला की गिऱ्हाईक पटकन मिळतं.

दुसरी गोष्ट मुठीची. तलवारीचं वय एकच असतं असं धरून चालू नका. आपल्या तलवारीची मूठ पात्याला लाखेने बसवलेली असते. लाख तापवली की पातं सुटतं, नवी लाख भरली की दुसरी मूठ बसते. त्यामुळे पातं एका शतकातलं, मूठ दुसऱ्या आणि सोन्याचं काम तिसऱ्या, असं सहज होतं. तिन्हींचं वय वेगवेगळं काढावं लागतं आणि त्यात पात्याचं वय सगळ्यात महत्त्वाचं. मूठ बघून 'ही उदयपुरी, ही दिल्लीशाही' म्हणणारे पुष्कळ भेटतील. ते मुठीच्या घाटाचं नाव सांगतात. तलवार कुठे घडली आणि कधी घडली हे त्यातून सिद्ध होत नाही.

माझं हे सगळं शिकणं आमच्याच घरच्या तलवारीपासून सुरू झालं. ती घराण्याची म्हणून थोरल्या पातीकडे, म्हणजे माझ्या चुलतभावाकडे आहे. खंडेनवमीला ती देवासमोर पाटावर मांडतात, हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि मग थोरले काका मुलांना गोळा करून सांगायचे की ही पानिपतावरची, आपल्या मूळ पुरुषाच्या हातातली. लहानपणी मीही ते श्वास रोखून ऐकायचो. काका गेल्यावर दादा तेच सांगायला लागला.

पुढे दहा ठिकाणच्या तलवारी हाताळल्या, संग्रहालयांत तासन्‌तास काचेला नाक लावून उभा राहिलो, आणि आमच्या तलवारीचं पातं मला खटकायला लागलं. मूठ अस्सल आपल्या तलवारीची, वर वाटी, दोन्ही बाजूंना आडवी बोंडं, सगळं रीतसर. पण पातं फार रुंद, टोकाकडे जाताना आणखी पसरत गेलेलं, दोन्ही बाजूंना एकेक रुंद उथळ पन्हळ, लांबी सुमारे ३३ इंच. एका दसऱ्याला दादाला विचारून ती उजेडात नेली. कापसाचा बोळा रॉकेलमध्ये भिजवून पात्याच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या उलट जाड बाजूवर, वर्षानुवर्षं साचलेलं तेल आणि कुंकू हळूहळू उतरवलं. टॉर्च आडवा धरला. मुठीपासून बोटभर अंतरावर रोमन अक्षरं उमटली. सुरुवातीची अक्षरं मुठीखाली गेली होती, पुढचं स्वच्छ वाचता येत होतं: '...केल सोलिंगेन'.

जे. जे. रुंकेल हा जर्मनीतल्या सोलिंगेनची पाती इंग्लंडमध्ये आणून विकणारा लंडनचा व्यापारी. इंग्रजांच्या हलक्या घोडदळासाठी १७९६ मध्ये जी वक्र तलवार ठरली, तिच्या कितीतरी पात्यांच्या पाठीवर हे नाव सापडतं. आमचं पातं हुबेहूब त्याच नमुन्याचं. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. नमुनाच ३५ वर्षांनंतरचा. आमचे पूर्वज पानिपतावर गेले असतील, पण ही तलवार गेली नव्हती.

मी हे दादाला आनंदाने सांगायला गेलो, कारण मला त्यात कमीपणा काहीच दिसत नव्हता. उलट इंग्रजी घोडदळाचं पातं मराठ्याच्या घरात आपली मूठ लेवून बसलंय, ही गोष्ट केवढी मोठी! १८०३ ला लासवारीला दौलतराव शिंद्यांच्या पलटणी इंग्रजांशी लढल्या. २९ डिसेंबर १८४३ ला एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार इथे ग्वाल्हेरच्या फौजेने इंग्रजांना तोंड दिलं. यातल्या कुठल्या मैदानावरून ते पातं आलं असेल, किंवा १८२१ ला इंग्रजांनी नमुना बदलल्यावर जुनी पाती विकली गेली त्यातून आलं असेल. हिंदुस्थानी स्वारांना ही पाती फार आवडायची आणि ते त्यांना आपल्या मुठी बसवून घ्यायचे, हे तर पक्कं आहे.

दादाला हे पटलं नाही. तो म्हणाला, बाबांना खोटं पाडतोस. घरातल्या सगळ्यांसमोर म्हणाला. मी अक्षरांचे फोटो दाखवले तर म्हणाला फोटो दुसऱ्याच तलवारीचे. आणि पुढच्या दसऱ्याच्या आधी त्याने ती तलवार बाड्याजवळच्या, म्हणजे इथल्या मुख्य चौकाजवळच्या एका बफिंगवाल्याकडे नेली. भांड्यांना पॉलिश करणाऱ्या चाकावर पातं आरशासारखं करून आणलं, वर निकल चढवलं. पाठीवरची अक्षरं गेली. पाटावर ती चमकत होती, पाहुणे वाहवा करत होते आणि मला तिथे उभं राहवेना. दोनशे वर्षांची निशाणी दुपारभरात घासून टाकली. या गोष्टीचा मला आजही राग आहे आणि तो मी लपवत नाही.

म्हणून तुम्हाला पहिली विनंती: काहीही घासू नका. विटेची पूड नको, लिंबू नको, पॉलिश पेपर नको, बफिंग तर अजिबात नको. जुना तपकिरी-काळा थर हाच वयाचा पुरावा असतो. सुटा गंज मऊ कापडाने आणि हलक्या तेलाने पुसा, एवढंच. तुमचं पातं पोलादाचं असेल तर त्यात जौहर, म्हणजे पोलादाचीच लाटांसारखी नक्षी दडलेली असू शकते आणि चाकावर तो दिसेनासा होतो. जौहर धातूच्या आत असतो. आजकाल साध्या पात्यावर ॲसिडने नक्षी उठवून जौहर म्हणून विकतात. ती वरवरची असते, काळ्या-पांढऱ्याचा फरक भडक असतो आणि सगळीकडे सारखीच दिसते.

सोनेरी नक्षीचं म्हणाल तर भिंगाखाली जिथे सोनं उडालंय ती जागा शोधा. कोफ्तगरीत आधी लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या खाचा पाडतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. सोनं गेलं की त्या खाचा उघड्या पडतात. खाचा नसतील तर तो मुलामा किंवा रंग. पण खाचा दिसल्या म्हणून लगेच जुनी म्हणू नका, उदयपूरला ही कला आजही चालू आहे. मुठीत पातं कशाने बसलंय तेही बघा. लाखेऐवजी एम-सीलसारखं काही दिसलं तर निदान ती जोडणी तरी परवाची.

पात्यावर फारसीत 'अमल-ए-असदुल्लाह इस्फहानी' लिहिलेलं असेल तर भारावून जाऊ नका. इस्फहानच्या या कारागिराचं नाव नंतर पिढ्यान्‌पिढ्या कोणीही घालत होतं, इराणात आणि इकडेही. युरोपी पात्यांवरच्या अर्धचंद्राच्या, दातेरी पापण्यांसारख्या खुणांचंही तसंच, आपल्या लोहारांनी त्या बिनदिक्कत उतरवल्या. खूण हा पुराव्याचा एक भाग, पण पात्याचा आकार, पोलाद, पन्हळीची घडण यांच्याशी ती जुळली पाहिजे. आमच्या पात्याबाबत मी ठाम आहे ते या कारणाने, की घाट, लांबी आणि अक्षरं तिन्ही एकच साल सांगत होती.

आता बंदूक. तिचं वय काढण्याआधी ती भरलेली नाही ना, ते बघा. ठासणीच्या बंदुका कित्येकदा भरलेल्याच पडून राहिलेल्या असतात आणि आतली दारू अजूनही पेटू शकते. नळीचं तोंड स्वतःकडे किंवा कोणाकडेही न करता एक लाकडी काठी आत सोडा, तोंडाशी खूण करा आणि काठी बाहेर काढून नळीला लावून बघा. काठी कानाच्या, म्हणजे बत्ती देण्याच्या भोकापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. मग बंदूक जिथे आहे तिथेच ठेवा, जवळ विस्तव नको, आणि जाणकार माणसाला बोलवा.

तोड्याची आहे म्हणजे फार जुनी, हेही खरं नाही. युरोपात तोडा जाऊन ठिणगी पाडणारी गारगोटी आली, गारगोटी जाऊन घोड्याच्या ठोक्याने पेटणारी टोपी आली, पण आपल्याकडे तोडेदार बंदुका एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत आणि वापरात होत्या. स्वस्त, आणि गावच्या लोहाराला दुरुस्त करता येणारी. म्हणून तोड्यावरून साल निघत नाही. कळाच्या पट्टीवर, म्हणजे चाप-घोड्याच्या बाजूच्या लोखंडी पत्र्यावर, ईस्ट इंडिया कंपनीच्या खुणा असत्या तर काम सोपं होतं. हृदयाच्या आकाराची खूण असेल तर कंपनीचा आधीचा माल, मागच्या पायांवर उभा सिंह असेल तर १८०८ नंतरचा. मुकुटाखाली व्ही. आर. ही अक्षरं राणी व्हिक्टोरियाची, म्हणजे १८३७ च्या अलीकडची. पण या खुणा गारगोटीच्या आणि टोपीच्या बंदुकांवर शोभतात. तोड्याच्या बंदुकीवर सिंह आणि खाली १८५७ दिसलं तर ते कोणीतरी विकण्यासाठी ठोकलंय असं समजा. अक्षरं उलटी किंवा स्पेलिंग चुकीचं असलं तर विचारायलाच नको.

किंमत मी सांगणार नाही. फोटोवरून किंमत सांगणाऱ्याला एकतर तुमची वस्तू विकत घ्यायची असते किंवा त्याला काही कळत नसतं.

कायद्याचं राहिलं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही ते बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. तुमची नळी धड असेल तर कलेक्टर कचेरीत लेखी विचारून घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका. तलवारीचे नियम जिल्ह्यागणिक बदलतात. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. 'लंडनच्या लिलावात लावून देतो' म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

वर मी संवताबद्दल जे जोरात लिहिलं ते आकडे न बघता लिहिलंय, हे खरं. पात्याची पाठ, मुठीखालचा भाग आणि आकडे असे तीन फोटो टाका, आडव्या उजेडात काढलेले. सोन्याच्या नक्षीचा फोटो नसला तरी चालेल.

आणि दादा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. नावाची पहिली अक्षरं मुठीच्या आत आहेत. बफिंगचं चाक तिथे पोचलेलं नाही. एखाद्या चांगल्या शिकलगाराला, म्हणजे हत्यारांच्या कारागिराला घरी बोलवू, तुझ्यासमोर लाख तापवून मूठ उतरवू आणि तूच वाच. तिथे काही नसलं तर येत्या खंडेनवमीला पानिपतची गोष्ट मी स्वतः मुलांना सांगेन.