शिकारीचं मटण घरी नेताना बर्फ किती लागतो?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही मित्र परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो, तिथून घरी यायला गाडीने बारा-तेरा तास लागतात. गेल्या वेळी दोन मोठे आइसबॉक्स बर्फाने गच्च भरले तरी घरी येऊन बघतो तर खालचं मटण पाण्यात, पांढरट पडलेलं, आणि मागच्या मांडीला हाडाजवळ चक्क वास. बर्फ अजून घ्यायला हवा होता का? की सरळ ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) घेऊ?

उत्तर: बर्फ कमी नाही पडला, मटण गरम असतानाच बॉक्समध्ये गेलं असं वाटतंय. आइसबॉक्स म्हणजे फ्रिज नाही हो, तो फक्त बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, गार करायचं काम सगळं बर्फाच्याच डोक्यावर. साधा हिशोब बघा, ३० किलो मटण ३० अंशांवरून २ अंशांवर आणायचं तर त्यातच जवळपास ९ किलो बर्फ वितळून जातो आणि प्रवास तर अजून सुरूही झालेला नसतो.

म्हणून खरं काम रानातच. पोट लगेच साफ करायचं, हवा गरम असेल तर कातडंही लगेच सोलायचं कारण ते गोधडीसारखं उष्णता धरून ठेवतं, मग तुकडे पाडून पातळ सुती पिशव्यांत सावलीत, वाऱ्याला टांगायचे. गरम मटण प्लास्टिकमध्ये अजिबात नको, वाफ कोंडते. मागची मांडी सगळ्यात जाड, वरून हात लावला तर गार आणि आत हाडाशी कोमट, तुमचा वास तिथूनच आला. ती हाडापर्यंत चिरून उघडी करा किंवा हाडच काढून टाका. आत ४ अंश किंवा कमी हे लक्ष्य, टोचायचा थर्मामीटर असेल तर अंदाजाची गरजच नाही. आणि हो, वास आलेलं मटण फेकायचं, मसाल्यात दडपायचं नाही!

आता बर्फ. चुरा बर्फ सगळीकडून चिकटतो म्हणून पटकन गार करतो पण संपतोही पटकन, लादी हळू वितळते. तेव्हा आधी चुरा, मटण गार झालं की प्रवासाला लादी, किंवा पाणी भरून गोठवलेल्या बाटल्या (मला तर बाटल्याच आवडतात, वितळल्या तरी पाणी बाटलीतच राहतं). बॉक्स आदल्या रात्री थोडा बर्फ टाकून गार करून ठेवा. तळाला जाळी ठेवा आणि पाणी सोडत राहा, मटण पाण्यात भिजलं की पांढरं पडतं, चव जाते आणि एका तुकड्याची घाण सगळ्यांना लागते. रिकामी जागा टॉवेल, कागद कोंबून भरा. कोल्ड्रिंकसाठी वेगळा बॉक्स घ्या, नाहीतर दर थांब्याला कोणीतरी झाकण उघडणारच.

ड्राय आइस उणे ७८ अंशांचा असतो, आधीच गोठवलेल्या मटणाला एकदम बेस्ट. ताज्याला घाई नको, शिकारीनंतर जनावराचं अंग ताठरतं, तो ताठरपणा उतरायच्या आत गोठवलं तर मटण चिवट होतं. हाताळताना जाड हातमोजे, बॉक्सचं झाकण हवाबंद नको, आणि गाडीत काच थोडी उघडी ठेवा कारण त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, बंद गाडीत तो जिवावर बेतू शकतो. विमानाने जाणार असाल तर एअरलाइनची परवानगी घेऊन माणशी अडीच किलोपर्यंतच नेता येतो.

प्रश्न: गोठवलेलं मटण रस्त्यात अर्धवट सुटलं तर परत फ्रीझरमध्ये टाकलं तर चालतं का?

उत्तर: आत बर्फाचे कण हाताला लागत असतील किंवा ते ४ अंशांच्या वर गेलं नसेल तर चालतं, फक्त रस सुटतो आणि थोडं कोरडं लागतं.

प्रश्न: जागा वाचवायला तिथेच खिमा करून आणला तर?

उत्तर: नको. अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरच असतात, खिमा केला की तेच आतपर्यंत कालवले जातात आणि मग लांबच्या प्रवासात तो आधी खराब होतो. शिवाय बऱ्याच ठिकाणी परवान्याचा टॅग (शिकारीला बांधायची चिठ्ठी) आणि नर की मादी हे कळेल असा भाग घरी पोचेपर्यंत मटणासोबत ठेवावा लागतो, काही ठिकाणी उलट डोकं आणि पाठीचा कणा हद्दीबाहेर न्यायला बंदी असते, हरणांमधल्या रोगामुळे. त्यामुळे सुरी हातात घ्यायच्या आधी तिथले नियम वाचा.