आरक्षणाला दहा वर्षे झाली म्हणून जमीन आपोआप मोकळी होत नाही

आपला प्रश्न असा आहे. शहरालगतचे आपले गाव महापालिकेत समाविष्ट झाले आणि मंजूर विकास योजनेत (कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या आराखड्यात) आपल्या दीड एकरापैकी 35 गुंठ्यांवर खेळाच्या मैदानाचे आरक्षण पडले. शिवाय बांधाच्या कडेने 18 मीटर रुंदीचा रस्ता दाखवला गेला. त्याला आता चौदा वर्षे होत आली, तरी मोबदला मिळाला नाही आणि ताबाही कोणी घेतला नाही. दोन वर्षांपूर्वी आपण केलेल्या अर्जावर ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ एवढे एका ओळीचे उत्तर आले. विकास योजनेच्या सुधारणेचे काम सुरू झाल्याचे आपल्या कानावर आले आहे आणि एक मध्यस्थ गुंठ्यागुंठ्याने जमीन विकून टाकण्याचा सल्ला देत आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मधील कलम 127 आपल्यासारख्या जमीनमालकांसाठीच आहे. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला किंवा हितसंबंधिताला नियोजन प्राधिकरणावर, म्हणजे इथे महापालिकेवर, नोटीस बजावता येते. नोटीस पोहोचल्यापासून 24 महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची कार्यवाहीही सुरू झाली नाही, तर आरक्षण व्यपगत झाले, म्हणजे संपुष्टात आले, असे मानले जाते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, ती नंतर वाढवण्यात आली. म्हणजे दहा वर्षे उलटल्याने मिळतो तो केवळ नोटिशीचा हक्क, आणि तो आपण अजून वापरलेला नाही.

आपल्या अर्जाची प्रत मी बारकाईने वाचली. त्यात ‘आरक्षण उठवून मिळावे’ अशी विनंती आहे. जमीन संपादित करा, अन्यथा आरक्षण व्यपगत होईल, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही, कलमाचा उल्लेख नाही आणि मालकीहक्काची कागदपत्रेही जोडलेली नाहीत. कायद्याने ती कागदपत्रे नोटिशीसोबत मागितली आहेत. त्या अर्जावर विसंबून न्यायालयात जाणे मला धोक्याचे वाटते.

मला खरी काळजी वाटते ती सुधारित योजनेची. तीत हेच आरक्षण कायम राहिले आणि ती अमलात येण्यापूर्वी आपली नोटीस बजावली गेलेली नसेल, तर दहा वर्षांची गणना नव्याने सुरू होते, अशी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका आहे. चौदा वर्षे थांबलेल्या कुटुंबाला पुन्हा दहा वर्षे थांबावे लागणे मला अतिशय अन्यायाचे वाटते, पण ते टाळणे आज तरी आपल्याच हाती आहे. त्यामुळे नोटीस याच महिन्यात गेली पाहिजे.

त्यापूर्वी नगररचना विभागातून झोन दाखला (जमीन योजनेत कोणत्या वापराच्या विभागात आहे त्याचा दाखला) आणि भाग नकाशा (योजनेच्या नकाशातील आपल्या गटाचा उतारा) घ्या आणि आपल्या गटावरील आरक्षण नेमके केव्हा मंजूर झाले ते तपासा. पुष्कळदा योजनेचा मोठा भाग आधी मंजूर होतो आणि काही भाग वगळून नंतर स्वतंत्रपणे मंजूर केला जातो. आपले आरक्षण त्या वगळलेल्या भागात असेल, तर दहा वर्षे नंतरच्या तारखेपासून मोजली जातील. नोटिशीला सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा जोडा. आपण पाठवलेल्या सातबाऱ्यावर वडिलांच्या निधनानंतर आपले व बंधूंचे नाव लागले आहे, परंतु आपल्या भगिनींचे नाव ‘इतर अधिकार’ या रकान्यात आहे. त्यांचीही सही घ्या, म्हणजे हक्काविषयी हरकत काढून महापालिकेला वेळ काढता येणार नाही.

नोटिशीनंतर महापालिकेने नुसता ठराव केला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिले, तर घाबरू नका. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, अशा पत्रव्यवहाराला संपादनाची कार्यवाही म्हणता येत नाही. 24 महिने तसेच सरले, तर राज्य शासनाकडे कलम 127(2) खालील अधिसूचना मागावी आणि ती न निघाल्यास उच्च न्यायालयात रिट याचिका करावी.

आरक्षण व्यपगत झाल्यावर मात्र हवे ते करता येत नाही. लगतच्या जमिनीला योजनेत जो वापर अनुज्ञेय आहे, तोच आपल्याला मिळतो. शेजारचे गट शेती विभागात असतील, तर निवासी प्रकल्पाची आशा धरू नका. म्हणून शेजारच्या गटांचाही झोन दाखला आजच काढा.

कलम 127 रस्त्यालाही लागू होते, पण रस्त्याबाबत माझे मत वेगळे आहे. तो पट्टा आरक्षणातून मोकळा करण्याचा आग्रह आपण धरू नये. रस्ता झाला तर उरलेल्या जमिनीला दर्शनी बाजू मिळेल, आणि पट्ट्याच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा उरलेल्या जमिनीवर जादा चटईक्षेत्र (बांधकामाचे क्षेत्र) मागता येते. मैदान गेल्यास मुलांनी खेळायचे कुठे, असे आपण विचारले आहे. ते रास्त आहे आणि मैदान व्हायलाच हवे. पण त्यासाठी महापालिकेने मोबदला मोजावा, एका कुटुंबाने तो भार अनंतकाळ वाहू नये. निवासी रेखांकन (भूखंड पाडण्याचा आराखडा) झालेच, तर 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रात दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते.

मध्यस्थाला ठाम नकार द्या. मंजूर रेखांकनाशिवाय पाडलेल्या तुकड्यांवर घर बांधणारा माणूस आयुष्यभराची पुंजी घालतो आणि पुढे त्यालाच पाडकामाची नोटीस येते. विनापरवाना विकास हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

नोटीस महापालिकेच्या आवक विभागात समक्ष द्या, दुसरी नोंदणीकृत टपालाने पाठवा, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आपले 24 महिने त्याच तारखेपासून मोजले जातील.