हायड्रा घरी आणले की दोन दिवसांत का मरतात?

गच्चीवरच्या कमळाच्या टबात हायड्रा (गोड्या पाण्यातले इवलेसे, नळीसारखे प्राणी) सापडले, पिण्याच्या पाण्यात ठेवले, तर दोन दिवसांत आखडून विरघळले. काय चुकलं, असं तुम्ही विचारलंय.

बहुधा पाणीच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन भांडं दिवसभर उघडं ठेवलं की बरंचसं उडून जातं. तांबं मात्र जात नाही. तांब्याच्या हंड्यातलं किंवा ‘कॉपर’वाल्या प्युरिफायरचं पाणी आपल्याला चालतं, पण हायड्राला तांब्याचा अंशही सोसत नाही. आधी शुंडकांची (तोंडाभोवतीच्या धाग्यांसारख्या हातांची) टोकं गोळीसारखी फुगतात, मग शुंडकं आखडतात, शेवटी अंगाचा मणी होऊन विरघळतो. टोकं फुगल्याबरोबर पाणी बदललंत तर वाचायची आशा असते.

पाणी घरीच करा. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात १४.७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट), दुसऱ्या लिटरमध्ये ८.४ ग्रॅम खाण्याचा सोडा. दोन्ही एकाच बाटलीत करू नका, पांढरा साका बसतो. वापरताना एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात दोन्हींचे १०-१० मिलिलिटर घाला. कॅल्शियम हवंच, ते नसेल तर पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत.

खायला आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची) अंड्यातून नुकती फुटलेली पिल्लं, एक दिवसाआड, एका हायड्राला तीन-चार. ती खाऱ्या पाण्यात फुटतात, म्हणून बारीक कापडातून गाळून वर सांगितलेल्या घरी केलेल्या पाण्यात दोनदा धुवा. हे राहिलं तर मीठच हायड्राला मारतं. खाताना भिंगातून जरूर बघा. पिल्लू शुंडकाला लागताच जागच्या जागी थिजतं, कारण शुंडकावरच्या दंशपेशीतल्या पुटिकेत (इवल्या पिशवीत) सुमारे १५० वातावरणांइतका दाब असतो आणि शिवताच त्यातला दोरा उलटा होऊन बाहेर फेकला जातो. जेलीफिश आणि पोवळ्यांशी हायड्राचं नातं सांगणारी खूण हीच. (जेलीफिशसारखी पोहणारी छत्री मात्र हायड्राच्या आयुष्यात कधीच येत नाही.) तोंड एकच असल्याने उरलंसुरलं तिथूनच बाहेर पडतं. ते कुजायच्या आत, म्हणजे सहा-आठ तासांत, पाणी बदला. माझ्या मते पाण्याच्या खालोखाल सगळ्यात जास्त हायड्रा याच आळसापायी जातात.

तापमान १८ ते २२ अंश ठेवा. एप्रिलमधल्या पुण्यात हे अवघड आहे; वाडगा ओल्या वाळूच्या परातीत ठेवा, भोवती ओलं फडकं गुंडाळा. सगळं जमलं तर तीन-चार दिवसांत अंगावर मुकुल (कोंबासारखी फुटणारी हायड्राची पिल्लं) दिसायला लागतात.

या प्राण्यावर पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत बरीच वर्षं काम झालंय, एका प्रकाराचं नावच ‘हायड्रा व्हल्गारिस इंड-पुणे’ आहे.

मुलांना पुनर्जनन (कापलेला भाग पुन्हा उगवणं) दाखवायचं असेल तर आदल्या दिवशी उपाशी ठेवलेला हायड्रा घ्या, तो लांब झाला की नव्या ब्लेडने मधोमध कापा. निसर्गअभ्यासक अब्राहम ट्रेम्ब्ले यांनी असेच प्रयोग करून १७४४ मध्ये छापले होते. खालच्या तुकड्याला दोनेक दिवसांत शुंडकांचे कोंब फुटतात. ती लांब झाल्याशिवाय खायला घालू नका. नुसतं शुंडक कापलंत तर त्यातून काहीच उगवत नाही.