एका लादीतला साल्सा

"क्लासमध्ये सगळं जमतं हो मॅडम. शनिवारी गर्दीत उभा राहिलो की पाय विसरतात."

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेले एक गृहस्थ, वय 36, हिंजवडीत नोकरी. मित्राच्या आग्रहानं साल्सा हा जोडीनं करायचा नाच शिकायला लागले, चार महिने झाले होते. सहा-सात टर्न, म्हणजे गिरक्या, पाठ. (त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) अडचण होती ती सोशलची, म्हणजे सगळ्यांनी जमून, जोडीदार बदलत नाचायच्या रात्रीची. छोटा हॉल, पंचवीस-तीस जोड्या. यांचा पाय एका बाईंच्या सँडलवर पडला, मागं सरकले तर दुसऱ्याच जोडीला धक्का. त्या एका गाण्यात किती वेळा सॉरी म्हणालात, असं मी विचारलं. "दहा तरी." त्यानंतरचे तीन शनिवार ते पार्किंगपर्यंत जाऊन परत फिरले होते.

"माझ्यात आत्मविश्वासच नाही, तेवढा वाढवून द्या."

ही मागणी माझ्याकडे भाषणापासून घाटात गाडी चालवण्यापर्यंत सगळ्या निमित्तांनी येते. आत्मविश्वास वाढवून देणं मला जमत नाही, हे मी आता सरळ सांगते. ऑफिसात, कँटीनमध्ये, लग्नकार्यात लोकांसमोर अवघडायला होतं का, ते मात्र खोदून विचारलं. तसं असतं तर रस्ता वेगळा आणि लांबचा. त्यांना तसलं काही नव्हतं.

मग त्यांना झुरळांची गोष्ट सांगितली. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर केलेला प्रयोग 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. उजेडातून अंधाराकडे पळणारी झुरळं, आणि बाजूला बघ्यांसारखी ठेवलेली दुसरी झुरळं. वाट सरळ असली की बघ्यांसमोर झुरळं जास्त वेगानं पळाली. वाट वळणाची असली की त्यांना उलट जास्त वेळ लागला. अंगवळणी पडलेलं काम चार डोळ्यांसमोर खुलतं, नवं असेल तर बिघडतं, असं झायन्स 1965 पासून मांडत होता. गृहस्थ पहिल्यांदाच हसले. "म्हणजे मी झुरळ."

"झुरळाच्याही स्वभावात काही खोट नव्हती. तुमच्या अंगवळणी नेमकं काय पडलंय?"

बराच विचार करून म्हणाले, "बेसिक." आठ ठोके, एक-दोन-तीन, पाच-सहा-सात, चार आणि आठला नवं पाऊल नाही. बाकीचे टर्न म्हणजे वळणाची वाट, आणि ते नेमके तेच घेऊन गर्दीत शिरत होते.

माझ्या खोलीत जुनी मोझेक फरशी आहे, साधारण फूटभराची लादी. त्यांना उभं केलं, मागं माझी खुर्ची सरकवली आणि बेसिक करायला सांगितलं. मागचं पाऊल थेट दुसऱ्या लादीच्या पार गेलं, खुर्ची कलंडली. "अहो, इथंच तर धक्का लागतो!" मग एकाच लादीत. नजर सारखी पायांवर जात होती, म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयमधले लाल आकडे मोजायला लावले. सातव्या-आठव्या फेरीला आकडेही बरोबर आले आणि खुर्चीही जागेवर राहिली.

मला स्वतःला नाचातलं ओ की ठो कळत नाही. पण घाबरलेला माणूस स्वतःकडेच बघत बसतो, आपण कसे दिसतोय याचा हिशेब करतो, एवढं कळतं. लीड करणाऱ्यानं, म्हणजे जोडीदाराला फिरवणाऱ्यानं, खरं तर जोडीदाराच्या पाठीमागची जागा बघायची असते. ती यांना दिसतच नव्हती.

पुढच्या शनिवारसाठी ठरवलं: दोनच गाणी, बेसिक आणि फार तर एक उजवा टर्न. जोडीदाराला आधीच सांगायचं, "मी नवीन आहे." सॉरी फक्त खरंच लागलं तर, एकदाच, नाच न थांबवता. आणि तिच्या मागं कोण आहे, काय आहे, ते घरी येऊन मला लिहून पाठवायचं.

रविवारी सकाळी मेसेज आला. पहिल्या गाण्यात ताल दोनदा सुटला होता. एका जुन्याजाणत्या नाचणाऱ्याचं कोपर यांच्या खांद्याला लागलं, तो नुसता हात वर करून पुढं नाचत राहिला, याचं यांना भारी नवल वाटलं होतं. दुसऱ्या गाण्यात हिय्या करून टर्नसाठी हात उचलला आणि तसाच खाली घेतला. गाणं संपल्यावर त्या बाई म्हणाल्या, "बरं झालं फिरवलं नाहीत, मागं खांब होता."

खाली त्यांनी लिहिलं होतं, "मॅडम, मी तो बघितला होता."