स्क्रीन गेलेलं मॅकबुक यूएसबीने जोडून पेन ड्राइव्हसारखं वापरता येतं का?

तुमचं २०१५ चं मॅकबुक एअर चालू होतं पण स्क्रीनवर काही दिसत नाही, आतले फोटो भावाच्या विंडोज लॅपटॉपवर घ्यायचेत, आणि त्यासाठी दोन्ही टोकांना सारखीच यूएसबी पिन असलेली केबल मागवलीय, असं तुम्ही लिहिलंय. आधी ती केबल परत करा. यूएसबीत एक यजमान लागतो आणि एक पाहुणा. पेन ड्राइव्ह पाहुणा असतो. तुमचे दोन्ही लॅपटॉप यजमानच. ते एकमेकांना ओळखणार तर नाहीतच, वर दोन्हीकडचे ५ व्होल्ट समोरासमोर येऊन पोर्ट जळायची भीती.

पण तुम्हाला हवी ती सोय मॅकमध्ये खरंच आहे. तिचं नाव टार्गेट डिस्क मोड, अगदी १९९१ च्या पॉवरबुक १०० पासूनची. चालू करताना कीबोर्डवरचा टी दाबून धरला की मॅकओएस सुरूच होत नाही, अख्खा कॉम्प्युटर नुसती डिस्क होऊन बसतो. माझ्या २०१२ च्या मॅकबुक प्रोचा डिस्प्ले गेला तेव्हा मी हे आंधळेपणानेच केलं होतं. फायरवायर (जुन्या मॅकमधली जोडणीची केबल) जोडली, बटण दाबलं, सुरू होतानाचा तो 'डंऽग' ऐकला आणि टीवर बोट रोवून बसलो. थोड्या वेळात शेजारच्या मॅकवर नारिंगी डिस्क उमटली. जीव भांड्यात पडला.

तुमच्या एअरला मात्र हे यूएसबीवरून जमत नाही, थंडरबोल्ट २ (यूएसबीहून वेगळं, जलद जोडणीचं पोर्ट) लागतं. समोर थंडरबोल्टवाला मॅकच हवा, आणि तो नवा असेल तर मध्ये अ‍ॅडॉप्टरही. विंडोज तर मॅकची डिस्क वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय वाचतच नाही. एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, काढून यूएसबीला जोडायच्या केसमध्ये घालावी म्हटलं, तर तिची पिन अ‍ॅपलची स्वतःची. बाजारातली साधी केस बसत नाही. (एम१ या अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपपासूनच्या मॅकमध्ये टी चालत नाही. तिथे रिकव्हरीत 'शेअर डिस्क' असतं.)

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर डिस्क मोडच्या फंदात पडलो नसतो. तुमचं थंडरबोल्टचं भोक म्हणजेच मिनी डिस्प्लेपोर्ट. मिनी डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय अ‍ॅडॉप्टर घ्या आणि एअर सरळ घरातल्या टीव्हीला लावा. टीव्हीवर नुसतं वॉलपेपर दिसलं तर कमांड आणि एफ१ एकत्र दाबा, म्हणजे मेलेल्या स्क्रीनवरचं सगळं टीव्हीवर येईल. मग पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये (मॅक आणि विंडोज दोन्हींना चालणाऱ्या पद्धतीत) फॉरमॅट करून फोटो कॉपी करा. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीच्या वरचा व्हिडिओ मावत नाही.

पासवर्डची चौकट टीव्हीवर दिसलीच नाही आणि खातं एकच असेल, तर पासवर्ड न बघताच टाइप करून रिटर्न दाबा, मिनिट-दोन मिनिटं थांबा.