‘बेकायदा’ म्हणू की ‘बिनकागदी’?

डॅलसच्या एका वाचकाने विचारलं आहे : “इथल्या मराठी मंडळींसाठी एक टिपण लिहितोय. टेक्सासमध्ये ‘अनडॉक्युमेंटेड’ मुलांना मिळणारी ‘इन-स्टेट ट्यूशन’ बंद झाली, त्याबद्दल. या दोन शब्दांना मराठीत काय म्हणू? ‘बेकायदा’ लिहिलं की अर्धे रागावतात, ‘कागदपत्रहीन’ लिहिलं की उरलेले विचारतात, म्हणजे कोण?”

सोपा शब्द आधी उरकतो. ‘ट्यूशन’ तसाच ठेवू नका. आपल्याकडे ट्यूशन म्हणजे शिकवणी. ‘ट्यूशन बंद’ वाचून नागपूरच्या काकूंना वाटेल, टेक्सासने खासगी क्लासवर बंदी आणली. ‘राज्यांतर्गत शुल्क’ला सरकारी परिपत्रकाचा वास येतो. सरळ ‘राज्यातल्या मुलांची फी’ लिहा. ‘सवलत’ मात्र जपून वापरा. तिकडच्या सरकारी विद्यापीठांत बाहेरच्या राज्यातल्या मुलाकडून तिप्पट-चौपट फी घेतात. विरोधकांच्या मते या मुलांना मिळत होती ती सवलत. समर्थकांच्या मते इथेच वाढलेल्या मुलाची ही साधी, नेहमीची फी. ‘सवलत’ लिहिलंत की तुम्ही एका गटात जाऊन बसलात.

आता अवघड शब्द : ‘अनडॉक्युमेंटेड’, म्हणजे देशात राहण्याचा परवाना नसलेले. ‘घुसखोर’ तर नकोच, आणि तेही नुसत्या सौजन्यापोटी नाही, तो चुकीचाच आहे. यातले कित्येक जण रीतसर व्हिसावर विमानतळावरून आत आले आणि मुदत संपल्यावर राहिले. घुसले कुठे? ‘निर्वासित’ वेगळे, त्यांची गल्लत करू नका. ‘बेकायदा’ हे विशेषण कृत्याला शोभतं : बेकायदा बांधकाम, बेकायदा वाळूउपसा. माणसाला लावलं की माणूसच पाडून टाकण्याजोगा वाटायला लागतो. ‘बेकायदा वास्तव्य’ म्हणायला माझी हरकत नाही.

‘बिनकागदी’ मला कानाला आवडतो. बिनपगारी, बिनविरोध, बिनतारी या घराण्यातला आहे. पण हल्ली ‘बिनकागदी कारभार’ म्हणजे सगळं संगणकावर, त्यामुळे ‘बिनकागदी विद्यार्थी’ म्हणजे टॅबवर अभ्यास करणारा, असं कुणी समजलं तर दोष त्याचा नाही. ‘कागदपत्रहीन’मध्ये वेगळीच अडचण. या मुलांकडे कागद ढीगभर असतात : शाळेचे निकाल, लसीकरणाची नोंद, काहींच्या आईबापांच्या कर भरल्याच्या पावत्या. नसतो तो एकच, देशात राहण्याचा परवाना. म्हणून माझा कौल ‘राहण्याचा परवाना नसलेली मुलं’ या लांबलचक शब्दांना. नामाचा हट्ट सोडला की मराठीत अशा जागा सहज सुटतात.

तुम्ही विचारला नाहीत तो शब्द खरा कळीचा : ‘रेसिडेंट’. राहणं आणि कायद्याने तिथला ठरणं, दोन्हींना इंग्रजीत तो एकच शब्द. आपल्याकडे ‘रहिवासी’ आणि ‘अधिवासी’ अशी जोडी आहे, ती वापरा. (बोलताना अर्थात कुणी ‘अधिवास’ म्हणत नाही. भाचीच्या मेडिकल प्रवेशाच्या वेळी सेतू केंद्राच्या रांगेत जो तो एकच विचारत होता, “डोमिसाइल काढलंत का?” डोमिसाइल ही आपल्याकडे शिधापत्रिकेसारखी काढायची वस्तू झाली आहे.) शिवाय आपल्याकडच्या मेडिकलला नुसतं डोमिसाइल पुरत नाही. दहावी-बारावी महाराष्ट्रातून हवी. राहणं वेगळं, शिकणं वेगळं.

अमेरिकेतला वाद नेमका याच फटीत अडकला आहे. 1996 च्या केंद्रीय कायद्यानुसार, वैध वास्तव्य नसलेल्याला राज्यातल्या रहिवासाच्या आधारावर उच्च शिक्षणाचा लाभ द्यायचा, तर तो कुठल्याही राज्यातल्या नागरिकाला खुला हवा. 2001 मध्ये परवाना नसलेल्या मुलांना राज्यातल्या मुलांची फी लावणारा कायदा करणारं टेक्सास हे पहिलं राज्य. त्याच्या अटीत तीन वर्षांचं राज्यातलं राहणं होतं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने अट घातली ती तिथल्या हायस्कूलमध्ये तीन वर्षं शिकल्याची. शिकून बाहेर गेलेल्या नागरिकालाही ती लागू पडते, आणि 2010 मध्ये त्या राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. टेक्सासचा कायदा 4 जून 2025 ला पडला. केंद्राने खटला भरला त्याच दिवशी राज्यानेही मान डोलावली आणि न्यायालयाचा आदेशही निघाला. म्हणून टिपणात ‘राहिलेली’ आणि ‘शिकलेली’ एकमेकांच्या जागी टाकू नका, भाषा चांगली वाटावी म्हणूनसुद्धा.

तुमच्या वाचकांपैकी काहींच्या घरी एच-4 वरची, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आईबापांमुळे व्हिसा मिळालेली मुलं असतील. ती या गटात येत नाहीत, त्यांच्याकडे परवाना आहे, पण एकविसाव्या वर्षी आईबापांच्या व्हिसाचं छत्र जातं. ती स्वतःला ‘डॉक्युमेंटेड ड्रीमर’ म्हणवतात; नुसते ‘ड्रीमर’ म्हणजे लहानपणी आलेली, परवाना नसलेली मुलं. त्यांच्यासाठी वेगळी ओळ लिहा, नाहीतर पहिला फोन त्यांच्याच आईचा येईल.

पहिलं वाक्य असं करून बघा : “टेक्सासमध्ये वाढलेल्या, पण देशात राहण्याचा परवाना नसलेल्या मुलांना कॉलेजात आता राज्यातल्या मुलांची फी लागू होणार नाही.” लांब आहे खरं. मथळ्याला ‘परवाना नाही, म्हणून फी जास्त’ चालेल.