‘देवाघरी गेली’ आणि ‘नास्तिक झाला’ : डार्विनबद्दल मराठीत लिहिताना

बडोद्याच्या एका वाचनगटातल्या ताईंचा प्रश्न आलाय. डार्विनच्या घरगुती आयुष्यावर त्यांना मराठीत लेख लिहून गटात वाचायचा आहे. त्यात त्यांनी लिहिलं, ‘१८५१ साली त्याची लाडकी लेक ॲनी देवाघरी गेली आणि डार्विन नास्तिक झाला.’ गटातल्या एका काकांनी हरकत घेतली : नास्तिकाच्या मुलीला देवाघरी कसं धाडता? आणि नास्तिक नव्हे, अज्ञेयवादी म्हणा. ताई विचारतात, यातलं बरोबर काय?

ताई, तुमच्या वाक्यातला मला सगळ्यात खटकलेला शब्द म्हणजे ‘झाला’. त्यामुळे काल आस्तिक होता, मुलगी गेली, आज नास्तिक झाला, असा अर्थ निघतो. डार्विनने स्वतः असं कुठेच लिहिलेलं नाही. १८७६ साली त्याने घरच्यांसाठी आत्मचरित्र लिहिलं. त्यात तो सांगतो की अविश्वास फार सावकाश आला, पण शेवटी पुरा आला. इतका सावकाश की त्याचा क्लेशही जाणवला नाही. कारणं म्हणून तो जुन्या करारातल्या कथा, चमत्कारांना नसलेला पुरावा आणि अश्रद्धांना कायमचा नरक सांगणारी शिकवण यांचा उल्लेख करतो. त्या शिकवणीप्रमाणे त्याचे वडील, भाऊ आणि जवळचे मित्र नरकातच जायचे, आणि हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

त्याच आत्मचरित्रात ॲनीही आहे. आपल्या वाट्याला एकच फार मोठं दुःख आलं, ते ॲनीच्या जाण्याचं, असं तो म्हणतो. पंचवीस वर्षं उलटली तरी तिच्या आठवणीने कधीकधी डोळ्यांत पाणी येतं, असंही लिहितो. पण या दोन गोष्टींची गाठ तो स्वतः मारत नाही. ती पुढच्या चरित्रकारांनी मारली. त्यात तथ्य असेलही, कारण दहा वर्षांची मुलगी डोळ्यांदेखत गेल्यावर दयाळू परमेश्वराबद्दल माणूस पूर्वीसारखा कसा बोलेल? तरीही ‘आणि’ या एका अव्ययावर एवढा मोठा कार्यकारणभाव लादणं मला पटत नाही.

मराठीत आपण सहज ‘देवावरचा विश्वास उडाला’ म्हणतो. उडणं एका क्षणाचं असतं. डार्विनच्या बाबतीत क्रियापद हवं ‘ओसरणं’. विश्वामित्रीचा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे क्रियापद वेगळं समजावायला नको : पाणी कधी उतरायला लागलं ते कुणाला सांगता येत नाही, भिंतीवरची ओल बघूनच कळतं. म्हणून ‘श्रद्धा ओसरत गेली’ लिहा.

आता ‘देवाघरी’. ॲनीचा जन्म २ मार्च १८४१चा. आजारी पडली म्हणून डार्विनने तिला माल्व्हर्नला डॉक्टर गली यांच्या जलोपचारांसाठी नेलं होतं. तिथेच २३ एप्रिल १८५१ रोजी ती गेली. त्याची बायको एमा हिचे दिवस भरत आले होते, त्यामुळे ती डाउन गावातल्या घरीच राहिली होती. नवराबायकोची सगळी बोलणी पत्रांतून चालायची. त्या दिवशी डार्विनने तिला जे पत्र लिहिलं, ते तुमच्या लेखाच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. ॲनी आज बारा वाजता अगदी शांतपणे, अगदी गोडपणे शेवटच्या झोपेत गेली, असं तो कळवतो. ‘देवाघरी’ नाही, ‘शेवटची झोप’. आपल्या ‘चिरनिद्रे’ला हे जवळचं. पण त्याच पत्राच्या आरंभी, आधीच्या चिठ्ठीने तुझ्या मनाची तयारी झाली असावी अशी देवाकडे प्रार्थना करतो, असंही आहे. आणि जगती तर तिच्या वाट्याला काय काय हालअपेष्टा आल्या असत्या ते देवच जाणे, असंही.

यावरून तो तेव्हा आस्तिक होता असं ठरवायचं का? मला नाही वाटत. ‘देव जाणे’ आपणही दिवसातून दहादा म्हणतो, आणि देव न मानणारेही म्हणतात. एक मात्र दिसतं, की ज्या घडीला माणूस शब्द निवडत बसत नाही, त्या घडीला त्याच्या तोंडी घरातली, लहानपणापासूनची भाषा येते. ती त्याच्या मतांचा दाखला नसते. म्हणून काकांचा आक्षेप तर्काला धरून असला तरी भाषेला धरून नाही.

उलट बाजूही सांगतो. माझी एक आत्या रावपुऱ्यात राहायची. तिचा मुलगा लहानपणीच गेला. शेजारणी तिला म्हणायच्या, ‘देवाला आवडला गं तो.’ आत्या रोज तासभर पूजा करणारी, एकादशी न चुकवणारी. पण तिच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नाही. ती फक्त ‘गेला’ म्हणायची. कधी म्हणायची, ‘असता तर आता कॉलेजात असता.’ ‘देवाघरी’, ‘देवाला आवडला’ हे बहुतेक वेळा सांत्वन करणाऱ्यांचे शब्द असतात, किंवा लहान भावंडांची समजूत घालतानाचे. ज्याचं पोर जातं तो ‘गेलं’ म्हणतो.

बाकीची क्रियापदंही तपासून घ्या. ‘वारली’ हे मोठ्या माणसांसाठी. दहा वर्षांच्या मुलीला ते कोरडं वाटतं. ‘दगावली’ तान्ह्या बाळाला, बाळंतिणीला, गुराढोरांना लागतं. डार्विनची मेरी १८४२ साली तीन आठवड्यांची असताना गेली, तिच्याबद्दल एखादा ‘दगावली’ लिहील, मी तिथेही लिहिणार नाही. ‘पुत्रशोक’ लेकीला बसत नाही. ‘कन्यावियोग’ म्हटलं की सासरी निघालेली शकुंतला आणि भरल्या गळ्याचे कण्वमुनी उभे राहतात, तोही बाद. ‘लेक गेल्याचं दुःख’ हे साधं आणि पुरेसं आहे. गुजराती शेजाराचं ‘ऑफ थई गया’ आपल्याकडच्या मराठीतही आता ‘ऑफ झाले’ होऊन कानावर येतं, ते लेखात येऊ देऊ नका. बडोदे संस्थानाने १९३१ साली ‘श्रीसयाजी शासनशब्दकल्पतरु’ काढला, राज्यकारभारातल्या एकेका शब्दाला अनेक भाषांतले प्रतिशब्द ठरवून दिले. कचेरीचे शब्द असे ठरवता येतात, आणि त्या कामाचा मला अभिमान आहे. पोर गेल्यावर कोणता शब्द वापरावा हे मात्र घराघरातूनच ठरत आलंय.

‘देवाघरी’ हा शब्द पूर्ण अर्थाने शोभतो तो एमाच्या तोंडी. लग्न झालं त्याच वर्षी, १८३९मध्ये, तिने नवऱ्याला पत्र लिहिलं होतं. तुझ्या शंकांमुळे आपण कायमचे एकमेकांचे राहणार नाही असं वाटलं तर मी फार दुःखी होईन, अशा आशयाचं. मेल्यावर पुन्हा भेट होते यावर तिचा खरा भरवसा होता. डार्विनने ते पत्र जपून ठेवलं आणि त्याच्या खाली लिहिलं, की मी गेल्यावर कळू दे, याचे मी किती वेळा मुके घेतले आणि यावर रडलो. ॲनीची लिहिण्याची पेटी एमाने आयुष्यभर सांभाळली. तिच्यात टाक, कागद, केसांची बट आणि आजारपणात डार्विनने केलेल्या नोंदी होत्या. एकाच घरात एकाच मुलीसाठी दोन वेगळे शब्द खरे होते. तुमच्या लेखात दोन्ही येऊ द्या, फक्त कोणता कुणाचा ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

‘नास्तिक’ हा शब्द फार जुना. पाणिनीच्या ‘अस्तिनास्तिदिष्टं मतिः’ या सूत्रातून तो साधतो : ‘नाही’ अशी ज्याची मती, तो नास्तिक. काय नाही, ते सूत्र सांगत नाही. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरवलं. म्हणूनच ईश्वर न मानणारं सांख्यदर्शनही आस्तिक दर्शनांत बसतं. आज घरात ‘तो नास्तिक आहे’ म्हणतात तेव्हा अर्थ बहुधा एवढाच असतो की तो देवळात येत नाही, आरतीला उभा राहत नाही. या अर्थी डार्विन नास्तिक खराच : रविवारी एमा मुलांना घेऊन चर्चमध्ये जायची आणि तो फिरायला जायचा. पण मताच्या अर्थी त्याने हे बिरुद स्पष्ट नाकारलंय. १८७९ साली जॉन फोर्डाइस यांना त्याने लिहिलं, की मन कितीही हेलकावलं तरी देव नाहीच असं म्हणणारा मी कधी नव्हतो. बहुतेक वेळा, पण नेहमीच नाही, ॲग्नॉस्टिक (म्हणजेच अज्ञेयवादी) हेच वर्णन माझ्या मनःस्थितीला जास्त बरोबर होईल. ‘पण नेहमीच नाही’ हे शब्द लेखात जरूर घ्या. इतक्या काळजीने बोलणाऱ्या माणसाला ‘निरीश्वरवादी’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

काकांचा ‘अज्ञेयवादी’ म्हणून बरोबर, पण त्याला साल लावा. ॲग्नॉस्टिक हा शब्द डार्विनचा मित्र, जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली याने १८६९ साली घडवला, ॲनी गेल्यानंतर अठरा वर्षांनी. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात त्याचा प्रतिशब्द शोधायला मांडवीकडच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेलात तर तो सापडायचा नाही, कारण मूळ शब्दच जन्मला नव्हता. आणि हक्सलीचा थोरला मुलगा नोएल १८६० साली, चार वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, लाल तापाने गेला. चार्ल्स किंग्जली या धर्मोपदेशक मित्राने सांत्वनाचं पत्र पाठवलं. उत्तरात हक्सलीने लांबलचक, कळवळून लिहिलं, पण पुनर्भेटीची आशा पुराव्यावाचून धरायला तो तयार झाला नाही. त्याच लाल तापाने डार्विनचा दीड वर्षाचा धाकटा चार्ल्स २८ जून १८५८ रोजी गेला होता. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचे नैसर्गिक निवडीवरचे निबंध वाचले गेले, तेव्हा डार्विन तिथे नव्हता.

प्रतिशब्द म्हणून ‘अज्ञेयवादी’त एक उणीव आहे. ‘अज्ञेय’ म्हणजे जे कळूच शकत नाही ते, म्हणजे भार वस्तूवर जातो. हक्सलीचा भार माणसावर होता : मला ठाऊक नाही, आणि पुराव्याशिवाय ठाऊक आहे असं मी म्हणणार नाही. शब्द रुळलाय, आगरकरांनाही आपण तोच लावतो, तेव्हा तोच वापरा. पण पहिल्यांदा येईल तिथे ‘ठाऊक नाही असं प्रामाणिकपणे म्हणणारा’ एवढं जोडा. ‘संशयवादी’ तत्त्वज्ञानाच्या वर्गात ठीक, पण ‘संशयी’ चुकूनही नको. मराठीत संशयी म्हणजे बायकोवर नजर ठेवणारा नवरा, आणि डार्विन-एमाच्या संसाराला त्याचा वारा लागू नये. ‘शंका’ चालेल. ‘मनात किंतु होता’ तर फारच चांगलं.

मी तुमचं वाक्य असं लिहीन :

‘१८५१च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांची ॲनी गेली. एमाच्या श्रद्धेने ती देवाघरी गेली होती. डार्विनने पत्रात लिहिलं, ती शेवटच्या झोपेत गेली. त्याची धर्मावरची श्रद्धा त्याआधीपासूनच ओसरत होती. देव नाही असं मात्र तो कधीच म्हणाला नाही. उतारवयात त्याने स्वतःला अज्ञेयवादी म्हटलं.’

आत्मचरित्राची प्रत घेताना १९५८ नंतरची, नात नोरा बार्लो यांनी संपादलेली घ्या. १८८७च्या पहिल्या छापात नरकाबद्दलचा तो मजकूर एमाच्या इच्छेवरून गाळलेला होता, आणि तुम्हाला नेमका तोच लागणार आहे.